हिवाळी डोंगरलहरींवर ग्लायडरचा लांब पल्ला: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरवर मी पहिल्यांदा विंचच्या (ग्लायडरला जमिनीवरून खेचून वर चढवणाऱ्या यंत्राच्या) दोरावर वर गेले, तेव्हा पाच-सात मिनिटांत परत खाली यायचे आणि तेवढ्याने दिवस सार्थकी लागायचा. आता गेली काही वर्षं मी अमेरिकेतल्या नेवाडा राज्यात, मिंडेन या गावाहून उडते. सिएरा नेवाडा पर्वताच्या पूर्व अंगाला हिवाळ्यात ज्या लहरी उठतात, त्यांच्यावर तासन्‌तास राहून शेकडो किलोमीटर कापायचे, हा माझा ध्यास आहे. पुण्याला आले की घरातली माणसं, जुने सोबती, शाळकरी मुलं तेच तेच प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरं इथे सविस्तर लिहिली आहेत. हे वाचून कोणी एकट्याने लहरीत जाऊ नये. त्यासाठी त्या डोंगराची माहिती असलेला शिक्षक मागच्या सीटवर लागतो.

इंजिन नाही, हिवाळ्यात ऊनही नाही. मग ग्लायडर वर राहतो कसा?

उन्हाळ्यात आपण थर्मलवर उडतो. जमीन तापते, गरम हवा वर जाते, घार फिरते तसं त्या हवेत गोल गोल फिरत वर जायचं. लहरीला उन्हाची गरज नसते, तिला वारा आणि डोंगर लागतो.

पावसाळ्यात ओढ्याला पाणी चढलं की एखादा खडक पाण्याखाली जातो. त्याच्या खालच्या अंगाला पाण्याचा उंचवटा दिसतो, मग खळगा, मग पुन्हा उंचवटा. पाणी वाहून जातं, उंचवटे जागचे हलत नाहीत. डोंगरावरून जाणाऱ्या वाऱ्याचं तेच होतं. हवा स्थिर थरांची असेल, म्हणजे वर ढकललेली हवा आपोआप खाली येऊ पाहत असेल, तर डोंगर ओलांडलेली हवा खाली जाते, गरजेपेक्षा जास्त खाली जाते, उसळून वर येते, आणि असे हेलकावे डोंगराच्या पाठीमागे कितीतरी अंतर चालू राहतात. लहरीच्या दोन माथ्यांमधलं अंतर साधारण ५ ते ३० किलोमीटर असतं. वारा जितका जोराचा, तितकं ते लांबतं. ग्लायडर लहरीच्या चढत्या बाजूला, नाक वाऱ्याकडे करून उभा राहिला की हवा त्याला उचलते.

गंमत अशी की ओढ्यातली लाट वीतभर असते, पण हवेतली लहर डोंगराच्या कितीतरी पट उंच जाते. चार हजार मीटरच्या डोंगरावरची लहर दहा-बारा हजार मीटरपर्यंत पोचू शकते.

हिवाळाच का?

कारण त्या दिवसांत पश्चिमेचा उंचावरचा वेगवान वारा, ज्याला जेट प्रवाह म्हणतात, विषुववृत्ताच्या दिशेने सरकतो आणि सिएराच्या वरून जातो. पॅसिफिक महासागरावरून एकामागून एक थंड आघाड्या, म्हणजे थंड हवेच्या पुढे सरकणाऱ्या कडा, येतात. आघाडी येण्याच्या आधीचे काही तास सगळ्यात चांगले: नैर्ऋत्येकडून किंवा पश्चिमेकडून वारा, उंचीबरोबर वाढत जाणारा, आणि डोंगरमाथ्याच्या आसपास हवेचा एक घट्ट स्थिर थर. आघाडी निघून गेली की हवा ढवळली जाते आणि लहर विस्कटते.

विक्रमांच्या तारखा पाहिल्या तरी हे कळतं. लॅरी एडगर आणि हॅरॉल्ड क्लीफर्थ याच डोंगरावर १३,४८९ मीटरपर्यंत गेले ते १९ मार्च १९५२ ला. पॉल बाइकल १४,१०२ मीटरवर पोचले ते २५ फेब्रुवारी १९६१ ला, आणि रॉबर्ट हॅरिस १४,९३८ मीटरवर, १७ फेब्रुवारी १९८६ ला.

पण हे सगळे उंचीचे विक्रम आहेत. अंतराचं गणित वेगळं आहे, आणि लोकांचा गोंधळ तिथेच होतो. हिवाळ्यात लहर जोरदार असते आणि दिवस तोकडा. मिंडेनला डिसेंबरच्या शेवटी जेमतेम साडेनऊ तास उजेड असतो. त्यात १,००० किलोमीटर करायचे तर टो घेणं (विमानाच्या दोराने ओढून वर जाणं), लहर शोधणं, वर चढणं आणि उतरणं यांचा वेळ वजा जाता ताशी सरासरी १३० किलोमीटर तरी हवेत. म्हणून अंतरासाठी मला फेब्रुवारीचा शेवट आणि मार्च आवडतो. लहर अजून हिवाळ्याची असते आणि उजेड अकरा-बारा तासांचा.

सिएरा नेवाडामध्ये असं काय आहे?

हा डोंगर जणू लहरीसाठीच घडवलेला आहे. लांबी सुमारे ६४० किलोमीटर, ठेवण वायव्येकडून आग्नेयेकडे, म्हणजे नैर्ऋत्येचा वारा बरोबर आडवा लागतो. पश्चिमेकडून चढ अगदी हळूहळू आहे आणि पूर्वेकडे एकदम कडा. आपल्याकडे देशावरून कोकणात उतरताना जसा घाट तुटतो तसा, पण तिप्पट-चौपट. माउंट व्हिटनी ४,४२१ मीटर, आणि त्याच्या पायथ्याची ओवेन्स दरी त्याहून सुमारे तीन हजार मीटर खाली.

१९५० साली याच ओवेन्स दरीतल्या बिशप गावचे वैमानिक रॉबर्ट सायमन्स यांनी पी-३८ या दोन इंजिनांच्या लढाऊ विमानाची दोन्ही इंजिनं हवेत बंद केली आणि ते निव्वळ लहरीवर वर चढत गेले. त्यांनीच टिपलेलं एक छायाचित्र मी अजून कधीकधी काढून बघते. दरीतली धूळ भिंतीसारखी उठून रोटर ढगात (लहरीखालच्या फिरत्या हवेतला ढग, त्याबद्दल पुढे) शिरते आहे. त्यानंतर बिशपहून या लहरींचा अभ्यास करणारा सिएरा वेव्ह प्रकल्प चालला. त्याचे एक प्रमुख योआखिम क्यूटनर जर्मनीहून आले होते. १९३७ साली त्यांनी आजच्या पोलंड-चेक सीमेवरच्या रीझेनगेबिर्गे डोंगरावर उघड्या कॉकपिटच्या ग्लायडरमधून, ऑक्सिजनशिवाय, साडेसहा हजार मीटरच्या वर मजल मारली होती. तिथल्या जागच्या जागी उभ्या राहणाऱ्या ढगाला गावकरी मोआत्सागोट्ल म्हणत. मोत्झ आडनावाच्या गॉटलीब नामक शेतकऱ्यावरून हे नाव पडलं. शास्त्रज्ञांच्या आधी शेतकऱ्याने तो ढग नीट पाहिला होता, याचं मला फार अप्रूप वाटतं.

लहर डोळ्यांना दिसते का?

हवेत पुरेशी ओल असेल तर दिसते. लहरीच्या माथ्यावर मसुराच्या दाण्याच्या आकाराचे, कडा गुळगुळीत असलेले ढग उभे राहतात. कधी एकावर एक, धिरड्यांची चळत लावावी तसे. वारा ताशी शंभर किलोमीटर असला तरी ढग हलत नाही, कारण त्याच्या वाऱ्याकडच्या कडेला तो सतत तयार होत असतो आणि पलीकडच्या कडेला विरत असतो. आपण त्या वाऱ्याकडच्या कडेच्या किंचित पुढे राहायचं.

हवा कोरडी असेल तर आकाश नुसतं निळं. मग व्हेरिओमीटर (चढ-उताराचा वेग दाखवणारं यंत्र), जीपीएसवरून काढलेला वारा आणि आदल्या दिवशीचा अंदाज यांवरच भिस्त.

रोटर म्हणजे काय, आणि त्याला किती घाबरायचं?

पुरेसं घाबरायचं. लहरीच्या माथ्याखाली, साधारण डोंगरमाथ्याच्या उंचीला, हवा आडव्या रुळासारखी फिरते. तो रोटर. वरची लहर इतकी गुळगुळीत असते की कपातला चहा हलणार नाही. तिच्या खालीच हा रोटर असतो, आणि त्यात डोकं कॅनॉपीला, म्हणजे कॉकपिटवरच्या पारदर्शक झाकणाला, आपटतं, पट्टे खांद्यात रुततात.

१९५५ च्या एप्रिलमध्ये लॅरी एडगर यांचा ग्लायडर रोटरमध्ये हवेतच तुटला; ते पॅराशूटमुळे वाचले. तीन वर्षांपूर्वी उंचीचा विक्रम केलेला, हा डोंगर ओळखणारा माणूस होता तो. हे मी नव्याने लहरीत येणाऱ्या प्रत्येकाला सांगते.

अडचण अशी की लहरीत जायचं तर बहुतेक वेळा रोटरमधूनच टो घ्यावा लागतो. पट्टे सैल वाटणार नाहीत इतके आवळायचे. कॅमेरा, बाटली, नकाशा, काहीही मोकळं ठेवायचं नाही. दोर ढिला पडला की घाईने ओढून घ्यायचा नाही, हलकेच जुळवायचा. टो देणारं विमान नजरेआड झालं तर क्षणाचाही विचार न करता दोर सोडायचा. आणि वेग त्या ग्लायडरच्या खडबडीत हवेसाठी ठरवलेल्या मर्यादेच्या आत. रोटर ढगाच्या वाऱ्याकडच्या बाजूला उचल असते, मागच्या बाजूला जोरदार सिंक, म्हणजे खाली जाणारी हवा. पुढच्या बाजूला धक्के खात खात चढत जायचं, आणि मग एका क्षणी सगळं शांत होतं. नुसता वाऱ्याचा बारीक आवाज, व्हेरिओचा काटा वर स्थिर. त्या क्षणासाठी मी पहाटे तीनला उठते.

लहर मिळाल्यावर अंतर कसं कापतात? गोल फिरावं लागतं का?

नाही, आणि हेच लहरीचं वैभव. डोंगर लांब आहे म्हणून लहरही त्याला समांतर लांब पट्ट्यासारखी असते. त्या पट्ट्यावर धावत जायचं. कितीतरी वेळा शंभर-दीडशे किलोमीटर एकही वळण न घेता जाता येतं. मिंडेनहून दक्षिणेला निघालं की मोनो सरोवर, मॅमथ, बिशप, लोन पाइन असं करत इनयोकर्नपर्यंत सरळ रेषेत सुमारे ४०० किलोमीटर होतात. जाऊन येऊन ८००.

मात्र वारा बाजूने लागतो, त्यामुळे नाक वाऱ्याकडे वळवून खेकड्यासारखं तिरपं जावं लागतं. इथे एक हिशेब मी मुलांना फळ्यावर करून दाखवते. समजा साडेपाच हजार मीटरवर आहोत आणि वारा बरोबर आडवा, ताशी १०० किलोमीटर. तिथे हवा विरळ, म्हणून वेगमापक ११० दाखवतो तेव्हा ग्लायडरचा खरा वेग सुमारे १४५ असतो. वाऱ्याला तोंड देऊन उरलेला, डोंगराच्या दिशेचा वेग फक्त १०५. आता वेगमापकावर १७० करा. खरा वेग सुमारे २२४, आणि जमिनीवरून पुढे जाण्याचा वेग २००. वेगमापकावरचा आकडा निम्म्याने वाढला, पण पल्ला जवळजवळ दुप्पट झाला. म्हणून चांगल्या लहरीत रेंगाळायचं नाही. उचल ताशी सतरा-अठरा किलोमीटर, म्हणजे सेकंदाला पाच मीटर मिळत असेल, तर ती सगळी वेगात घालायची, उंची तीच ठेवायची.

खरी परीक्षा खिंडींपाशी असते. डोंगराची रांग तुटते तिथे लहरही तुटते. तिथे पोचायच्या आधी थांबून उंची साठवायची आणि मग पलीकडे उडी. वाऱ्याच्या विरुद्ध, एका लहरीतून पुढच्या लहरीत जायचं असेल तर मधला सिंक अक्षरशः हजार-दीड हजार मीटर खाऊन टाकू शकतो. वाऱ्याबरोबर मागच्या लहरीत जाणं सोपं असतं, पण पुन्हा पुढे येणं महाग पडतं. एकदा ओवेन्स दरीच्या पूर्वेच्या व्हाइट पर्वतावर मी अशीच मागे सरकले आणि परत सिएराच्या लहरीत यायला पाऊण तास घालवला.

जास्त उंचीवर वेगाची मर्यादा बदलते का?

हो, आणि हे विसरणं जिवावर बेतू शकतं. पंख फडफडून तुटण्याचा धोका, म्हणजे फ्लटर, प्रामुख्याने खऱ्या वेगाशी जोडलेला आहे. दहा हजार मीटरवर खरा वेग वेगमापकाच्या पावणेदोन पटीच्या आसपास असतो. त्यामुळे वर जाल तसा वेगमापकावरचा लाल आकडा, म्हणजे कमाल वेगाची मर्यादा, खाली येतो. प्रत्येक ग्लायडरच्या पुस्तिकेत त्याचा तक्ता असतो. माझा तक्ता मी मोठ्या अक्षरांत लिहून पॅनेलवर चिकटवला आहे.

ऑक्सिजन कधी लावायचा?

अमेरिकी नियम असा: १२,५०० फुटांच्या वर अर्ध्या तासाहून जास्त राहायचं असेल तर, आणि १४,००० फुटांच्या वर सदैव. मी ३,००० मीटरलाच लावते. नाकातली नळी, कॅन्युला, १८,००० फुटांपर्यंत ठीक. त्यावर तोंड-नाक झाकणारा मास्क. ४०,००० फुटांच्या पुढे नुसता शंभर टक्के ऑक्सिजनही पुरत नाही, तो दाबाने द्यावा लागतो.

ऑक्सिजन कमी पडतोय हे माणसाला कळत नाही, उलट बरं वाटतं. मन हलकं होतं, आपण फार छान उडतोय असं वाटू लागतं. २५,००० फुटांवर पुरवठा तुटला तर भानावर राहून काही करता येईल असा वेळ ३ ते ५ मिनिटं. ३५,००० फुटांवर अर्धा ते एक मिनिट. म्हणून वेगळ्या बाटलीची, वेगळ्या नळीची दुसरी व्यवस्था हाताशी हवी. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर जरूर ठेवा, पण बोटं गार पडली की ते चुकीचं दाखवतं किंवा काहीच दाखवत नाही. मी दर दहा मिनिटांनी मोठ्याने सतराचा पाढा म्हणते. अडखळले की आधी ऑक्सिजन तपासायचा आणि खाली यायचं, कारण नंतर शोधायचं.

दाढी असलेल्यांचा मास्क गळतो. दाढी काढा.

थंडी किती असते?

साडेपाच हजार मीटरला उणे वीस, आठ हजारांना उणे पस्तीस-चाळीस. कॉकपिटला हीटर नसतो. वरून कॅनॉपीतून ऊन येतं म्हणून छाती-डोकं बऱ्यापैकी उबदार राहतं, पण पाय नाकाच्या टोकाशी, सावलीत असतात. सगळ्यात आधी तेच हरतात. बॅटरीवर तापणारे मोजे, एक माप मोठे बूट (घट्ट बुटात रक्त फिरत नाही), लोकरीचे थर. सुती कपडा अंगाला लागून नको. टोच्या वेळी घाम येतो, तो सुती कपड्यात राहतो आणि वर गेल्यावर गोठवतो.

श्वासाची वाफ कॅनॉपीला आतून बर्फ होऊन बसते. हवेची झडप उघडी ठेवावी लागते, म्हणजे आणखी थंडी. पण बाहेर दिसणं जास्त महत्त्वाचं. बॅटरीची ताकद थंडीत घटते, म्हणून उन्हाळ्यापेक्षा दुप्पट क्षमता न्यायची. पंखांत पाण्याचं वजन भरत असाल तर ते गोठणार नाही अशी सोय हवी, नाहीतर कोरडेच उडा. ज्यांच्या ग्लायडरला मदतीचं इंजिन आहे त्यांनी ते थंडीत चालू होणार नाही असं धरूनच बेत आखावा. उतरताना घाई नको: गोठलेला ग्लायडर एकदम उबदार हवेत आणला की पृष्ठभागावरच्या जेलकोटला तडे जातात.

लघवी रोखायला नको म्हणून पाणी न पिणं ही सगळ्यांची चूक, विशेषतः आम्हा बायकांची. कोरडी थंड हवा आणि ऑक्सिजन यांनी शरीर सुकतं, डोकं दुखतं, निर्णय बिघडतात. सोय आधी करा, तिची जमिनीवर सवय करा आणि पाणी प्या. खायला मी दाणे-मनुका आणि दशमीचे लहान तुकडे अंगाजवळच्या खिशात ठेवते. चिक्की नेऊ नका, दगड होते.

एवढ्या उंचीवर प्रवासी विमानं नसतात का?

असतात. अमेरिकेत १८,००० फुटांच्या वर सगळं आकाश हवाई वाहतूक नियंत्रणाच्या ताब्यात आहे. मिंडेनसारख्या ठिकाणी लहरीच्या दिवशी ठरावीक चौकोन ग्लायडरांसाठी उघडून देतात. दक्षिणेला लष्करी क्षेत्र लागतं. परवानगी आदल्या दिवशीपासून बघावी लागते.

परत कधी फिरायचं?

माझ्याकडे सगळ्यात जास्त विचारला जाणारा हा प्रश्न नाही, पण असायला हवा.

सिएरा पश्चिमेला आहे, म्हणून दरीत सूर्यास्ताच्या तासभर आधीच सावली पडते. सहा हजार मीटरवर तुमच्या कॅनॉपीत झगझगीत ऊन असतं आणि खाली धावपट्टीवर दिवे लागलेले असतात. वर बसून संध्याकाळ झाल्याचं कळतच नाही. एका फेब्रुवारीत मी लोन पाइनच्या पुढे होते, लहर वर्षातून एखाद्या वेळी लागावी तशी, सेकंदाला सहा मीटर. घड्याळात दीड वाजला होता. मिंडेन ३०० किलोमीटर मागे. माझा नियम आहे की परतीला लागणाऱ्या वेळेच्या दीडपट वेळ हातात हवा, आणि तो अंधाराआधी तासभर संपायला हवा. दक्षिणेला पुढचे शंभर किलोमीटर स्वच्छ दिसत होते. मी वळले. परतताना मोनो सरोवरावर लहर खचली आणि तिथे मी एक तास दहा मिनिटं रोटरमध्ये धडपडत होते. मिंडेनला चाकं टेकली तेव्हा पश्चिमेला तांबडं होतं. ते पुढचे शंभर किलोमीटर केले असते तर मी रात्री कुठे असते, हे मी अनेकदा मोजून पाहिलं आहे.

दुसरं कारण ढग. डोंगराच्या पाठीशी ढगांमध्ये जी मोकळी फट असते, तिच्यातून आपण वर आलेलो असतो. ओल वाढली की ती फट मिनिटांत बुजते आणि आपण ढगांच्या वर अडकतो. फट अरुंद होताना दिसली की एअरब्रेक (पंखांवरच्या उचल कमी करणाऱ्या फळ्या) काढून खाली यायचं, लहर कितीही चांगली असो.

सर्वांत लांब उड्डाण किती झालंय?

रे लिन्स्की यांनी १९९० च्या डिसेंबरमध्ये न्यूझीलंडच्या ओमारामाहून २,००० किलोमीटर ओलांडले. क्लाउस ओलमन यांनी २१ जानेवारी २००३ ला अर्जेंटिनाच्या अँडीजवर ३,००९ किलोमीटर केले. डिसेंबर-जानेवारी म्हणजे तिथला उन्हाळा, लांब दिवस. २०२३ च्या जूनमध्ये गॉर्डन बोएटगर आणि ब्रूस कॅम्पबेल यांनी मिंडेनहून ३,००० किलोमीटरांहून जास्त अंतर कापलं, तेही अंधारात पाहण्याचे चष्मे वापरून. अंतराला उजेड लागतो हे मी वर म्हटलं ते यासाठी.

उंचीची गोष्ट उलट. जिम पेन आणि टिम गार्डनर २ सप्टेंबर २०१८ ला पर्लन-२ या दाबबंद ग्लायडरमधून सुमारे २३ किलोमीटरवर पोचले ते अर्जेंटिनातल्या एल कालाफातेहून, तिथल्या सरत्या हिवाळ्यात.

सह्याद्रीवर किंवा हिमालयात हे जमेल का?

सह्याद्रीवर उंच लहर मिळत नाही. हिवाळ्यात आपल्याकडे वारा मंद आणि बराचसा पूर्वेचा. पावसाळ्यात पश्चिमेचा वारा जोरदार असतो, पण सहा-सात हजार मीटरच्या वर तो पूर्वेचा होतो. वारा जिथे दिशा उलटवतो तिथून लहर वर जाऊ शकत नाही. शिवाय सगळं ढगात. तरी पश्चिम घाटावर हवा कशी वळते-उसळते याचा गणिती अभ्यास आपल्याकडे आर. पी. सरकार यांनी १९६० च्या दशकातच केला होता. घाटाचा पाऊस समजायला तो उपयोगी पडला.

हिमालयावर हिवाळ्यात जेट प्रवाह असतो आणि लहरी प्रचंड. ओलमन २०१४ मध्ये मोटरग्लायडरने एव्हरेस्टवरून गेले. पण उतरायला सपाट जागा नाहीत, सीमा जवळ, परवानग्या कठीण. हौशी वैमानिकाने तिकडे स्वप्नात जावं.

मला शिकायचंय. कुठून सुरुवात करू?

हडपसर. विंचची उड्डाणं, एकट्याचं पहिलं उड्डाण, मग मार्च-एप्रिलच्या उन्हात थर्मल. आंतरराष्ट्रीय रौप्य बिल्ल्याला ५० किलोमीटर अंतर, १,००० मीटर चढ आणि ५ तास हवेत राहणं लागतं. त्या मापाचे ५ तास एकदा स्वतः बसून बघा, कारण लहरीत आठ-नऊ तास तसंच बसायचं असतं. शेतात उतरण्याचा सराव करा. त्यानंतर लहरीच्या गावी जा, मिंडेन असो, स्कॉटलंडमधलं अबॉइन असो की फ्रान्सच्या आल्प्समधलं सेर, आणि पहिले काही दिवस दोन सीटच्या ग्लायडरमध्येच उडा.

उतरल्यावर काही काळजी?

हो, हे कोणी शिकवत नाही. खाली वारा अजून जोरातच असतो. ग्लायडर थांबला म्हणून पट्टे सोडून उठायचं नाही. तुमचं वजन गेलं की वारा पंखाखाली शिरतो आणि ग्लायडर उलटा होतो. एअरब्रेक उघडे ठेवून, दांडी धरून बसून राहा. पाय बधिर असतील, हुडहुडी भरलेली असेल, तरी बसा. कोणीतरी पळत येऊन पंखाचं टोक धरेल, मग कॅनॉपी उघडा.